आगबोटीवरचा पंक्तिप्रपंच



पंक्तिप्रपंच हा आपल्या भाषेतला एक जुना आणि नेमका शब्द आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एकाच्या पानावर तुपाची धार लांबवायची आणि शेजारच्याच्या पानावर थेंब टाकून पुढे सरकायचे, याला पंक्तिप्रपंच म्हणतात. आपल्या वाडवडिलांनी हे पाप मानले. पंगतच वेगळी मांडणे मात्र त्यांनी पाप मानले नाही. बसवतानाच माणसे निवडून बसवली, की वाढताना हात आखडण्याची वेळच येत नाही. एवढी सोय त्यांनी करून ठेवली होती.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे आजचा विषय. हल्ली ज्या प्रचंड प्रवासी आगबोटी केवळ मौजेसाठी समुद्रात फिरतात, त्यांवर सर्वांत महागड्या दालनांत उतरणाऱ्यांसाठी जेवणाखाण्याची वेगळी व्यवस्था असते. तिचा इतिहास मी सांगणार आहे. विषय ऐकून आमच्या व्याख्यानमालेचे चालक हसले. बेटेगावात राहणारा, तारापूरच्या कारखान्यांच्या दारांवर सभा घेणारा माणूस. त्याला श्रीमंतांच्या ताटाची चौकशी कशाला, असे त्यांना वाटले असावे. पण मंडळी, ताट श्रीमंताचे असले तरी ते उचलून आणणारा हात कोणाचा आहे, हे पाहिले की विषय आपलाच निघतो.

आधी आजचे चित्र पाहू. या दालनाला इंग्रजीत ‘स्वीट’ म्हणतात. गोडाशी त्याचा संबंध नाही. दोन-तीन खोल्या, स्वतंत्र गच्ची आणि दिमतीला बटलर, असा तो संच असतो. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या मोठ्या बोटींवर या दालनांतल्या पाहुण्यांसाठी ‘कोस्टल किचन’ नावाचे वेगळे भोजनगृह असते. सेलिब्रिटी कंपनीच्या बोटींवर ‘ल्युमिने’ असते. एमएससी कंपनीने तर ‘यॉट क्लब’ नावाने बोटीच्या पोटात जणू दुसरी बोट बांधली आहे. तिथे जेवणघर वेगळे, बैठकीची जागा वेगळी, पोहण्याचा हौदही वेगळा. सकाळची न्याहारी खोलीत मांडून मिळते. यादीत नसलेला पदार्थ मागितला तरी शक्य तो करून देतात. ज्या भोजनगृहांत इतरांना जागेसाठी थांबावे लागते, तिथे यांचे टेबल राखून ठेवतात. याच बोटीवर स्वस्त तिकिटाचे हजारो उतारू मोठ्या भोजनगृहात ठरल्या वेळी जेवतात. त्यांनाही पोटभर आणि चांगले मिळते, त्याबद्दल तक्रार नाही. पण वरच्या दाराशी त्यांचे कार्ड चालत नाही.

आता मागे जाऊ. आपल्या लोकांना समुद्र वर्ज्य होता असे शाळेत शिकवतात. कोकणच्या खलाशांना आणि आमच्या सातपाटी-डहाणूच्या कोळ्यांना हे कोणी विचारले नव्हते, ही गोष्ट वेगळी! वर्ज्य होता तो उच्चवर्णीयांना, आणि त्यातही खरी अडचण खाऱ्या पाण्याची नव्हती. ती जेवणाची होती. बोटीवर कोणाच्या हातचे खाणार आणि कोणाच्या पंक्तीला बसणार, हा प्रश्न होता. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी नावाचा तरुण मुंबईहून विलायतेला निघाला. जातीने त्याला आधीच बहिष्कृत केले होते. बोटीवर तो जेवणाच्या टेबलाशी गेलाच नाही. काटे-चमचे धरता येत नव्हते, कशात मांस आहे हे विचारण्याचे धैर्य नव्हते. घरून आणलेली मिठाई आणि फळे खोलीत बसून खात त्याने दिवस काढले. दोनच वर्षांनी, १८९० साली, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक प्रभृतींपुढे चहाचे पेले आले आणि त्या पेल्यांनी केवढे ग्रामण्य माजवले, हे आपण जाणताच. इथे तर बोटही नव्हती.

म्हणून एक गोष्ट मी मोकळेपणाने कबूल करतो. आगबोटीच्या पंगतीत तिकीट पाहत, जात विचारत नसत. डॉ. आंबेडकर १९१७ साली अमेरिका आणि इंग्लंड पाहून परत आले आणि नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळेना; पारशी धर्मशाळेतून लोकांनी त्यांना बाहेर काढले. तेच आंबेडकर ४ ऑक्टोबर १९३० रोजी गोलमेज परिषदेला निघाले ते पी. अँड ओ. कंपनीच्या ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने. ही त्या वेळची अगदी नवी, विजेच्या मोटारींवर चालणारी बोट होती. तिच्या पहिल्या वर्गातल्या चारशेहून अधिक उतारूंना प्रत्येकी स्वतंत्र खोली होती. जन्माच्या जागी पैसा आला, हा बदल लहान नव्हता. जो मनुष्य जन्मामुळे दाराबाहेर राहिला आहे, त्याला पैशाचे दार निदान उघडता तरी येते. पुढे काय झाले ते पाहताना हे विसरायचे नाही.

ही पी. अँड ओ. कंपनी म्हणजे मुंबईच्या दर्यावरची सम्राज्ञी. १८५४ पासून मुंबई-सुएझ टपालाचे काम तिच्याकडे आले. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबई हे विलायतेचे दारच झाले. तिच्या जुन्या बोटींवर बर्फघर नव्हते. मेंढ्या, कोंबड्या, दुधासाठी गाय, असा सगळा गोठाच बरोबर निघे. सुरुवातीच्या काळात भाड्यातच जेवण आणि दारूही धरलेली असे, म्हणजे ‘सर्व काही तिकिटात’ ही आजच्या जाहिरातींतली कल्पना नवी नाही. जेवणाच्या तक्त्यावर विलायती पदार्थांच्या रांगेत ‘करी’ ठाण मांडून बसलेली असे. ती करणारा आणि वाढणारा हात गोव्याचा होता.

इथे माझ्या विषयाचा गाभा येतो, म्हणून जरा थांबतो. पी. अँड ओ.च्या बोटीवर खलाशांची तीन खाती होती. डेकवरचे लोक मुख्यतः रत्नागिरीकडचे कोकणी आणि गुजरात किनाऱ्यावरचे. इंजिनखान्यात कोळसा मारणारे पंजाबी आणि पठाण. भोजनगृहात, खोल्यांत आणि स्वयंपाकघरात गोव्याचे ख्रिस्ती. त्यांना गोमांस, डुकराचे मांस, दारू यांपैकी कशाचाही विटाळ नव्हता. डेकवाल्यांचा स्वयंपाकी, ज्याला भंडारी म्हणत, तो वेगळा आणि इंजिनखान्याचा भंडारी वेगळा. वरच्या उतारूंची जात पुसणारी कंपनी खालच्या नोकरांची जात मात्र नीट सांभाळून ठेवत होती. धर्माचा मान राखावा म्हणून हे केले असे ती म्हणे, आणि ते काही अंशी खरेही होते. पण ज्यांच्या चुली वेगळ्या ते संपावर एकत्र यायला वेळ लागतो, हे कोणत्याही मालकाला कोणी शिकवावे लागत नाही.

पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याइतका. राहण्याची जागा तर कायद्यानेच कमी ठरवली होती. १९०६ च्या इंग्रजी नौवहन कायद्याने प्रत्येक खलाशाला झोपण्यासाठी किमान १२० घनफूट जागा द्यावी असे ठरवले आणि त्यातून ‘लास्कर’ म्हणजे आपले लोक वगळले. आपला माणूस आकाराने लहान असतो अशी काही पार्लमेंटाची समजूत नसावी. तो स्वस्त पडतो ही खात्री होती. गोव्याचे हे तारवटी दोन सफरींच्या मध्ये मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागातल्या ‘कुडीं’त राहत. कूड म्हणजे एकेका गावाने चालवलेली खोली: भिंतीशी पेट्यांची रांग, एका बाजूला वेदी, संध्याकाळी प्रार्थना. दहा पदार्थांचे विलायती जेवण ज्याने महिनोन् महिने वाढले, तो माणूस इथे चटईवर बसून पेज-सुकी मासळी जेवत असे आणि पुढच्या बोटीच्या बोलावण्याची वाट पाहत असे. बोलावणे मिळवण्यासाठी दलालाचा हात ओला करावा लागे. भारत सेवक समाजाचे दिनकर देसाई यांनी १९४० साली या दर्यावर्दी कामगारांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. माझे शिक्षण शाळेत फार झाले नाही. युनियनच्या कचेरीतल्या कपाटांनीच मला शिकवले. म्हणून अशा पुस्तकांविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे.

वर जेवणारांतही वर्ग कसे वाढत गेले ते आता पाहू. प्रथम वर्ग, दुसरा वर्ग आणि तळाचा वर्ग असे भेद होतेच. पण प्रथम वर्गातल्या उतारूलाही आपल्या शेजारी बसलेला दुसरा प्रथम वर्गातला उतारू डाचू लागला. १९०५ साली हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ या बोटीवर रिट्झच्या नावाचे उपाहारगृह उघडले. तिकिटातले जेवण सोडून तिथे वेगळे पैसे मोजायचे, हवे तेव्हा जायचे, हवे ते मागवायचे. आजच्या सगळ्या खास भोजनगृहांची ही आजी म्हणायला हरकत नाही.

तिच्या पाठोपाठ ‘टायटॅनिक’ आली. १९१२ च्या एप्रिलमध्ये ती कशी बुडाली हे सिनेमाने घरोघर पोचवले आहे. पण तिच्यावरचे एक उपाहारगृह फारसे कोणाला ठाऊक नाही. तेही प्रथम वर्गासाठीच, पण पैसे वेगळे. ते लुइजी गॅट्टी नावाच्या गृहस्थाने ठेक्याने घेतले होते. तिथले वाढपी आणि आचारी बहुतेक इटालियन आणि फ्रेंच, आणि त्यांचा मालक गॅट्टी. बोटीची कंपनी नव्हे. आमच्या तारापूरच्या भाषेत सांगायचे तर कंत्राटी कामगार. बोट बुडाली तेव्हा साठ-सत्तर जणांच्या या ताफ्यातले तिघे वाचले: पैसे घेणाऱ्या दोन बाया आणि पॉल मोजे नावाचा एक कारकून. त्याने इंग्लंडमधल्या चौकशीत साक्ष दिली की, उपाहारगृहाच्या लोकांना वरच्या डेककडे जाऊ दिले नाही. तो आणि मुख्य आचारी यांच्या अंगावर साधे कपडे होते म्हणून त्यांना सोडले. स्वतः गॅट्टीही बुडाला. जगातल्या सर्वांत महाग टेबलाशी उभे राहणारे हे लोक उतारूंत मोडत नव्हते आणि खलाशांतही धड मोडत नव्हते. कंत्राटी माणूस नेमका कोणाचा, हा प्रश्न मी तीस वर्षे कामगार आयुक्तांच्या कचेरीत ऐकत आलो आहे. त्या रात्री तो अटलांटिक समुद्रात विचारला गेला होता.

आपल्या लोकांनी मुकाट्याने वाढले असे मात्र नाही. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच इंग्लंडच्या बंदरांत उभ्या असलेल्या बोटींवर हिंदी खलाशांनी पगारवाढीसाठी काम थांबवले. शेकडो जणांना तुरुंगात टाकले, तरी पहिली पंचवीस टक्के वाढ त्यातूनच निघाली. आणि मग १९४६. १८ फेब्रुवारी रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर नाविकांनी सकाळची न्याहारी नाकारली. डाळीतले खडे हे एक कारण, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या शिव्या हे दुसरे, आणि मोठे कारण म्हणजे देशाची हवा. ‘अन्न नाही तर काम नाही’ ही हाक मुंबईहून कराचीपर्यंत गेली. ७८ जहाजे, २० तळ आणि सुमारे २०,००० नाविक उठले. त्यांच्या मागण्यांत आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटका होती आणि चांगले जेवण व गोऱ्या नाविकांच्या बरोबरीचा पगारही होता. एकाच यादीत देश आणि डाळ! काही विद्वानांना ही सरमिसळ खटकते. मला ती अगदी स्वाभाविक वाटते. रशियात १९०५ साली ‘पोटेमकिन’ युद्धनौकेवरचे बंड किड्यांच्या मांसावरूनच पेटले होते.

या उठावातला एक प्रसंग मी प्रत्येक कामगार शिबिरात सांगतो. सरकारने नाविकांची रसद तोडली, तेव्हा मुंबईचे लोक गेटवे ऑफ इंडियाशी डबे, पाव, फळे घेऊन जमले. दुकानदारांनी दुकाने मोकळी केली. पहाऱ्यावरच्या हिंदी शिपायांनी ते अन्न नाविकांच्या होड्यांत चढवायला हात दिला. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या, शहरात गोळीबार झाला, दोनशेहून अधिक माणसे मेली. परळला कमल दोंदे गोळीला बळी पडल्या. २३ तारखेला, सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर, नाविकांनी उठाव मागे घेतला.

स्वातंत्र्यानंतर विमाने आली आणि विलायतेची बोटवाहतूक आटली. बोटींनी जगण्यासाठी नवा धंदा शोधला, तो म्हणजे कुठेही पोचवण्याऐवजी नुसते फिरवणे. क्यूनार्ड कंपनीची ‘क्वीन एलिझाबेथ २’ १९६९ साली पहिल्या सफरीवर निघाली. पुढे तिच्यावर खोलीचे भाडे जितके जास्त तितके वरचे जेवणघर, अशी पद्धत बसली आणि सर्वांत वरचे ‘क्वीन्स ग्रिल’ झाले. २००४ सालच्या ‘क्वीन मेरी २’ वर तीच उतरंड आहे: ब्रिटानिया, प्रिन्सेस ग्रिल, क्वीन्स ग्रिल. ‘वर्ग’ हा शब्द तेवढा गेला. आता त्याला ‘अनुभव’ म्हणतात. आपल्या मुंबईतही ही हौस आली. २०१८ साली मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली. २०१९ साली ‘कर्णिका’ आली, पण पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि ती बोट अलंगला भंगारात गेली. २०२१ पासून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ फिरू लागली. ज्या किनाऱ्यावर भाकरीची शिदोरी उशाशी घेऊन डेकवर पथारी टाकणारी कोकणची माणसे जात, त्याच किनाऱ्याने ही चालली.

कोणी म्हणेल, पैसे जास्त मोजले तर जास्त मिळणारच. यात अन्याय कोणता? प्रश्न रास्त आहे. उतारू-उतारूंतल्या भेदाबद्दल मला फारसे दुःख नाही. ज्याला वीस फुटांची गच्ची हवी त्याने ती घ्यावी. माझे लक्ष ताटाच्या दुसऱ्या बाजूला आहे. इकडे औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात, नाव घेत नाही, दोन कँटीन होती. कायम कामगारांचे पंख्याखाली. कंत्राटी कामगारांचे म्हणजे गेटजवळच्या भिंतीची सावली. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे कँटीन सांगितले होते. एकच असावे असे त्यात लिहिलेले नव्हते. आम्ही ‘एकच कँटीन’ ही मागणी घातली, तेव्हा पहिला विरोध व्यवस्थापनाने केला नाही. आमच्याच काही कायम सभासदांनी केला. ‘ते आमच्या टेबलावर बसणार?’ असे त्यांनी मला विचारले. चौदा महिने गेले. शेवटी टेबल एक झाले, पण ती चर्चा मला पगारवाढीच्या कोणत्याही वाटाघाटीपेक्षा जड गेली. म्हणून वेगळ्या जेवणघराची हौस केवळ श्रीमंतांची आहे असे मी म्हणत नाही.

आता फेब्रुवारी २०२०. जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ ही बोट अडकली. तिच्यावर ३,७११ माणसे होती आणि करोनाचा रोग. ५ फेब्रुवारीपासून उतारूंना आपापल्या खोलीत राहण्याचा हुकूम झाला. म्हणजे सर्वच उतारूंना खोलीत जेवण पोचवायचे. एरवी जी चैन मोजक्या दालनांची, ती एका रात्रीत सर्वांची झाली! पोचवणार कोण? नोकर. त्यांत १३२ हिंदी होते. त्यांना विलगीकरण नव्हते. ते दोघे-चौघे एका खोलीत झोपत, एकाच खानावळीत जेवत आणि दारोदार ताटे नेत. पुढे जी तपासणी प्रसिद्ध झाली, तिच्यात नोकरांपैकी पहिल्या वीस रोग्यांमधले पंधरा भोजन-खात्यातले निघाले. त्यांतल्या काहींनी दूरध्वनीवरून चित्रफिती पाठवून ‘आम्हांला वेगळे ठेवा, आम्हांला सोडवा’ अशी विनवणी केली. २७ फेब्रुवारीला विमानाने ११९ हिंदी लोक दिल्लीला आणले. एप्रिलमध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ बोटीवरचे सुमारे दीडशे हिंदी खलाशी मुंबईच्या समोर दिवसेंदिवस थांबून अखेर २३ तारखेला उतरले.

या लोकांसाठी कायदा नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००६ चा सागरी कामगार करार २०१३ साली अमलात आला. भारताने तो २०१५ साली स्वीकारला. त्यात कामाचे तास चोवीस तासांत चौदाहून अधिक नसावेत, आठवड्यात बहात्तरहून अधिक नसावेत, नाही तर विश्रांती दिवसाला दहा तास आणि आठवड्याला सत्त्याहत्तर तास मिळावी, अशी मर्यादा आहे. जेवण फुकट आणि पौष्टिक असावे, खलाशाचा धर्म आणि चालीरीती पाहून असावे, असेही आहे. १९०६ मध्ये ज्यांना घनफुटांतून वगळले, त्यांच्या नातवंडांना या करारात कोणी वगळू शकत नाही. मात्र चौदा तास ही मर्यादा म्हणून लिहिली जाते, तेव्हा प्रत्यक्ष काम किती तास चालत असेल, हे पाळी करणाऱ्या माणसाला मी सांगायला नको.

हे आपल्या गावापासून दूर राहिलेले नाही. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली. आमच्या मच्छिमार बांधवांचा तिला विरोध आहे आणि तो का आहे हे वेगळ्या व्याख्यानाचे काम आहे. पण बंदराचे नाव निघाल्यापासून बोईसर, पालघर, बेटेगाव इकडची मुले बोटीवरच्या नोकरीची चौकशी करीत माझ्याकडे येतात. हॉटेलचा अभ्यासक्रम केलेली असतात. कोणीतरी एजंट त्यांना दोन-तीन लाख मागतो आणि ‘स्वीटवाल्या साहेबांची बक्षिशीच एवढी मिळते की चार महिन्यांत फिटेल’ असे सांगतो. मुलाचा बाप शेताचा तुकडा विकायला काढतो. त्या सर्वांना मी एकच उत्तर देतो, तेच इथे सांगतो. खलाशाची भरती करणाऱ्या संस्थेला केंद्र सरकारच्या नौवहन खात्याचा परवाना लागतो. नोकरी लावून दिल्याबद्दल उमेदवाराकडून दलाली घेण्याला कायद्याने मनाई आहे. पारपत्र, खलाशाचे नोंदपुस्तक, वैद्यकीय तपासणी यांचा खर्च वेगळा. तो पावतीने द्यायचा. एजंट समोर बसला की आधी परवान्याचा क्रमांक विचारा. मग करारपत्र मागा आणि त्यात तीन गोष्टी वाचा: बक्षीस सोडून ठरलेला पगार किती, रोजचे तास किती, आणि परतीचे भाडे कोणाच्या अंगावर. क्रमांक सांगायला तो कचरला, तर पैसे खिशातच ठेवून उठा आणि युनियनच्या कचेरीत या. कचेरी संध्याकाळी सहानंतर उघडी असते.